चाकरमान्यांनो, गावच्या घरी ऑक्सिमीटर ठेवा

मी राजापूर तालुक्यात आशा सेविका आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी फिरताना ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र, पहिल्यांदा हातात घेतला. पुढच्या वर्षी मे महिन्यात मेडिकलमधून स्वतःचा आणला, १४०० रुपयांना. तोच अजून वापरते.

आकडा बरोबर दाखवतो, पण बोट नीट हवं. मे म्हणजे आमच्याकडे काजूचे दिवस. वाडीतल्या एका आजींची बोटं बिया फोडून काळी झालेली. पहिल्यांदा ८८ आला आणि सारखा खालीवर व्हायला लागला. मी त्यांचे हात कोमट पाण्याने धुतले, पुसले, डाग नसलेलं बोट शोधलं आणि मिनिटभर गप्प बसवलं. ९१ वर थांबला. त्याआधी आजी पडवीत बसून मुंबईच्या मुलाला फोनवर सांगत होत्या, “बरी आहे रे मी, तू नको येऊस.” धाप नाही, काही नाही. रत्नागिरीच्या दवाखान्यात पोचायला दोन तास लागले. अकरा दिवसांनी घरी आल्या.

तेव्हा सगळे विचारायचे, केरळात कोरोनाने माणसं कमी का दगावतात? महाराष्ट्रात एकूण ८१ लाखांवर रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे १ लाख ४८ हजार मृत्यू, म्हणजे हजारी अठरा. केरळात हजारी दहाच्या आसपास. तिथे हलके रुग्णही जास्त सापडले, त्यामुळे प्रमाण कमी दिसतं, हे खरं. पण म्हातारी माणसं तिथेही भरपूर आहेत. माझ्या मते आजार किती लवकर कळला आणि दवाखाना किती लांब, यावर बरंच अवलंबून होतं. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. कर्ती माणसं मुंबईला, घरात एकटी आजी. तिचा ऑक्सिजन उतरला तर कळणार कुणाला?

तक्रारी आहेत. सेलचं झाकण दुसऱ्याच वर्षी तुटलं, आता रबर लावते. कंपनीला तीनदा फोन केला, कुणी उचलला नाही. उन्हात आकडा दिसत नाही, माजघरात जावं लागतं. पावसाळ्यात वापर नसेल तर सेल काढून ठेवा, गंज चढतो. तरी पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन.

गणपतीला याल तेव्हा घेऊन या आणि आईला लावायला शिकवा. ९४ च्या खाली दिसला तर आधी १०८ ला फोन, मग मुंबईला.