गोव्याच्या किनाऱ्यासाठी रंगपेटी: तयार संच नको, रिकामी डबी घ्या

किनाऱ्यावर नेमानं चित्र काढायचं असेल तर जलरंगांचा तयार संच घेऊ नका. बारा हाफ-पॅन (रंग भरायच्या छोट्या वाट्या) मावणारी पत्र्याची रिकामी डबी घ्या आणि ट्यूबमधले रंग भरून ती स्वतः तयार करा. नेम मोडतो तो बहुतेकदा मांडामांडीच्या कंटाळ्यानं. ही डबी पिशवीच्या कप्प्यात राहते आणि कठड्यावर बसल्या बसल्या उघडता येते.

एका हाफ-पॅनमध्ये साधारण २ मिली रंग मावतो, म्हणजे ५ मिलीच्या ट्यूबमध्ये दोन पॅन सहज भरतात. एकदम काठोकाठ भरू नका. वर साय धरते, आत रंग ओलाच राहतो आणि सुकताना आक्रसून पॅनमधून सुटतो. आधी अर्धा पॅन भरा, टाचणीनं ढवळून बुडबुडे काढा, तो सुकला की उरलेला भरा. हे काम डिसेंबर-जानेवारीत उरका. पावसाळ्यात भरलेला रंग लवकर सुकत नाही आणि त्यातल्या डिंकावर बुरशी धरते.

बारा जागा असल्या तरी सहा रंगांत गोव्याचा किनारा निघतो: अल्ट्रामरीन (गडद निळा), सेरुलियन (आकाशी), लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि लाइट रेड. उरलेल्या खणांत अल्ट्रामरीन आणि ऑकरचे जादा पॅन ठेवा, तेच आधी संपतात. लाइट रेड मात्र चुकवू नका. वागातोर-हणजूणच्या जांभ्याचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो आणि या रंगातही तेच असतं, त्यामुळे कड्याचा रंग फारसं न मिसळता जुळतो. भरतीच्या पाण्यानं भिजलेल्या जांभ्यासाठी त्यातच थोडं अल्ट्रामरीन घाला, काळा नको. जूनच्या ढगांना अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना: हा राखाडी सुकताना दाणेदार होतो आणि ढगाला वजन येतं. तयार हिरव्यात माड प्लास्टिकचे दिसतात. लेमन यलोत अल्ट्रामरीन आणि सिएनाचा ठिपका घातला की झावळ्या बसतात. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी पाणी गढूळ असतं, तिथं निळ्याआधी ऑकर लावा.

डबीचा दोष म्हणजे गंज. खाऱ्या हवेत बिजागरी आणि रंग उडालेले कोपरे आधी धरतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसा आणि रंग सुकेपर्यंत झाकण उघडं ठेवा. प्लास्टिकची डबी गंजत नाही, पण तिच्या पॅलेटवर डाग बसतात आणि पाणी थेंब धरून राहतं, मिश्रण नीट पसरत नाही. आमची पसंती पत्र्यालाच.

पैसे वाचवायचे तर रंगांत वाचवा, कागदात नको. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कापसाचं प्रमाण असलेला कोल्ड-प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत कागद ए-५ आकारात घ्या. पातळ कागद आकाशाच्या पहिल्याच वॉशला, म्हणजे रंगाच्या पाणेरी थराला फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. पावसाळ्याच्या तोंडावर गठ्ठा भरून ठेवू नका. दमटपणात कागदाचं सायझिंग (रंग लगेच शोषू न देणारी खळ) खराब होतं आणि तेवढ्या जागी रंग टीपकागदावर पडल्यासारखा शोषला जाऊन डाग उठतात. झिपच्या पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवा.

डबीसोबत वॉटर ब्रश (दांड्यात पाणी भरलेला ब्रश) घेण्याचा मोह होतो. होडीची कड, डोलकाठी यांना तो ठीक, आकाशाला नाही. त्यातून पाणी झिरपत राहतं, आणि गोव्याच्या दमट हवेत वॉश आधीच सावकाश सुकतो. अर्धवट ओल्या वॉशमध्ये जादा पाणी शिरलं की रंग कडेला ढकलला जाऊन फुलकोबीसारखे डाग पडतात. ८ किंवा १० नंबरचा टोकदार गोल ब्रश आणि घरून आणलेली गोड्या पाण्याची बाटली बरी. समुद्राचं पाणी वापरू नका. त्यातलं मीठ कागदात राहून दमट हवेत पुन्हा ओल धरतं आणि ब्रशची धातूची पट्टी खातं.

जागा आणि वेळ एकच ठेवलीत तरी किनारा तोच मिळत नाही, कारण भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. सुकतीतले (ओहोटीतले) खडक अर्धवट राहिले तर साधारण पंधरवड्यानं त्याच वेळी तशीच सुकती सापडते. ऊन थेट कागदावर घेऊ नका. कागद इतका चकाकतो की आपण रंग गडद लावतो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं.

ए-३ किंवा त्याहून मोठं काढणाऱ्यांनी या डबीच्या वाटेला जाऊ नये. हाफ-पॅनमधून आकाशभर रंग कालवताना ब्रशचं टोक झिजतं. त्यांनी ट्यूब आणि चिनी मातीची बशीच न्यावी.