ब्लॅकहेड आणि सुजलेला मुरूम
दोहोंचा उगम एकच आहे: तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, मृत पेशी रोमछिद्रातच चिकटून राहतात आणि ते बुजते. मात्र ब्लॅकहेडचे तोंड उघडे असते. त्याचा काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे. मेलॅनिन (त्वचेला रंग देणारे द्रव्य) आणि हवेच्या संपर्काने बदललेले तेल यांमुळे तो रंग येतो, म्हणून चेहरा कितीही घासला तरी तो जात नाही, उलट त्वचा सोलवटते. सुजलेल्या मुरमात बुजलेल्या छिद्रातील जिवाणू वाढतात, शरीर त्यांना प्रतिकार करते आणि जागा लाल, दुखरी होते, कधी पू धरते. असा मुरूम कृपया फोडू नये, कारण त्याने कायमचा व्रण उरण्याची शक्यता वाढते. खोल, टणक गाठी असल्यास थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

ब्लॅकहेडसाठी सॅलिसिलिक आम्ल किंवा छिद्रे मोकळी ठेवणारे लावण्याचे औषध अ‍ॅडापलीन उपयोगी पडते. सुजलेल्या मुरमासाठी जिवाणू मारणारे बेन्झॉइल पेरॉक्साइड अधिक योग्य आहे, आणि माझ्या मते सुरुवात २.५ टक्क्यांनीच करावी, कारण तीव्र प्रमाणाने जळजळ वाढते. या औषधाने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, हेही ध्यानात ठेवावे. फरक दिसायला दोन्हीकडे साधारण ८ ते १२ आठवडे लागतात.