स्नूकर लीगचे हँडिकॅप ठरवणारी ऑनलाइन सेवा: एका हंगामाच्या वापरानंतर

हौशी स्नूकर लीगमध्ये हँडिकॅप, म्हणजे बलवान खेळाडूने दुबळ्याला किती गुणांची सवलत द्यायची हे, ठरवण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना त्यातली अडचण वेगळी सांगावी लागत नाही. ज्याला स्टार्ट (आरंभीच मिळणारी ही सवलत) द्यावा लागतो त्याला तो जास्त वाटतो, ज्याला मिळतो त्याला तो अपुरा वाटतो आणि समितीतला एखादा सदस्य स्वतःही खेळाडू असला, तर त्याच्या प्रत्येक निर्णयाकडे संशयाने पाहिले जाते. हा ताण कमी व्हावा म्हणून आमच्या लीगने गेल्या हंगामात हँडिकॅप समितीच्या अंदाजावर न सोडता एका ऑनलाइन सेवेकडे सोपवले. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण महत्त्व तिच्या पद्धतीला आहे आणि अशी सेवा निवडताना नेमके काय तपासावे हे त्या पद्धतीवरूनच कळते. माझे मत आधीच स्पष्ट करतो. सेवा घेण्यासारखी आहे आणि तिचे मूळ गणित पूर्वीच्या आमच्या अंदाजांपेक्षा निश्चितच न्याय्य आहे. परंतु प्रत्येक गुणाची किंमत सर्व पातळ्यांवर सारखीच धरण्याचा तिचा दोष मोठा आहे, आणि तो ओळखून उपाय केला नाही, तर लीगच्या वेगवेगळ्या पातळीच्या विभागांतले खेळाडू समोरासमोर येतात तेव्हा अन्याय होतो.

प्रत्येक खेळाडूला एक आकडा दिलेला असतो. शून्याच्या खाली बलवान, शून्याच्या वर दुबळा, आणि दोघांच्या आकड्यांतला फरक हा प्रत्येक फ्रेमच्या (डावाच्या) आरंभी दुबळ्या खेळाडूला मिळणारा स्टार्ट. वजा १४ चा खेळाडू अधिक २१ च्या खेळाडूशी खेळत असेल, तर स्टार्ट ३५ गुणांचा. दोघांनी आपापला आकडा फलकावर लावून सुरुवात करावी, असाही पर्याय सेवेत आहे; त्याने निकाल बदलत नाही, मात्र वजा गुणांपासून सुरुवात केल्यावर फलक वाचताना गोंधळ होतो, म्हणून आम्ही फरकाचीच पद्धत ठेवली. सामना संपला की कप्तान फ्रेमनिहाय गुण भरतो. स्टार्ट योग्य असेल तर दोघांना जिंकण्याची संधी समान असायला हवी, या गृहीतावर सेवा चालते. ज्याने अपेक्षेहून जास्त फ्रेम जिंकल्या त्याचा आकडा खाली येतो, ज्याने कमी जिंकल्या त्याचा वर जातो.

या हिशेबात सेवा फ्रेम कोणी जिंकली एवढेच पाहते, किती गुणांनी जिंकली हे पाहत नाही. आमच्या काही कप्तानांना ही उणीव वाटली. मला मात्र हाच तिचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. स्नूकरमधला गुणांचा फरक हा अत्यंत बेभरवशाचा पुरावा आहे. केवळ रंगीत चेंडू उरलेले असताना ४० गुणांनी मागे असलेला एक खेळाडू फ्रेम सोडून देतो, तर दुसरा सवयीने शेवटच्या ब्लॅकपर्यंत खेळत राहतो. दोघांचा खेळ एकाच दर्जाचा असूनही एकाचा पराभव ४० गुणांचा नोंदला जातो आणि दुसऱ्याचा कदाचित ६० चा. फ्रेम हातात आल्यावर पुढे असलेला खेळाडूही सैल पडतो. आणि गुणांच्या फरकावरून हँडिकॅप ठरत असेल, तर हरलेल्या फ्रेममध्ये आणखी वाईट हरण्याचे बक्षीस पुढच्या हंगामात मिळते. कोणत्याही लीगने हे दार उघडे ठेवू नये.

आता दोषाकडे वळू. लाल चेंडूचा एक गुण, तर पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी आणि ब्लॅक यांचे अनुक्रमे २ ते ७. पंधरा लाल चेंडूंपैकी प्रत्येकानंतर ब्लॅक पॉट केला (खिशात टाकला) आणि मग सहाही रंगीत चेंडू उचलले, तर टेबलावर १४७ गुण असतात, हे सर्वांना पाठ असते. परंतु ज्या खेळाडूंचा लाल चेंडू जातो आणि पुढचा रंगीत चेंडू नेहमी हुकतो, त्यांच्या टेबलावर लाल चेंडूंचे १५ आणि शेवटच्या रंगीत चेंडूंचे २७ असे मिळून अवघे ४२ गुण असतात. त्यात अधूनमधून पडलेला एखादा रंगीत चेंडू आणि ४ ते ७ गुणांचे फाउल मिळवले, तरी त्या फ्रेमचा आवाका लहानच राहतो. सेवेच्या लेखी मात्र दोन्ही टेबलांवरचा २८ गुणांचा स्टार्ट एकच.

खालच्या विभागातली एक फ्रेम घेऊ. ‘अ’ हा ‘ब’ला २८ गुणांचा स्टार्ट देतो. दोघेही एकेक लाल उचलत, सुरक्षित खेळत पुढे जातात. लाल संपतात तेव्हा ‘अ’ने नऊ लाल आणि त्यांच्यासोबत एक तपकिरी, एक निळा व एक पिवळा असे २० गुण केले आहेत, ‘ब’ने सहा लाल आणि एक हिरवा असे ९. फाउल कोणाचाच नाही असे धरू. ‘अ’ने दुपटीहून अधिक गुण केले आहेत, तरी फलकावर तो २० विरुद्ध ३७ असा मागे आहे आणि टेबलावर २७ गुण उरले आहेत. जिंकण्यासाठी त्याला त्यातले किमान २३ हवेत. म्हणजे पिवळा, हिरवा किंवा तपकिरी यांपैकी फार तर एक चेंडू तो गमावू शकतो. पिवळा आणि हिरवा असे दोन्ही गेले, तर उरलेले चारही चेंडू पॉट करूनसुद्धा केवळ बरोबरी होते आणि ब्लॅक पुन्हा मांडावा लागतो. ज्या खेळाडूला सलग दोन चेंडू पॉट करणे कठीण जाते, त्याच्याकडून आपण शेवटच्या सहापैकी किमान पाच चेंडू मागतो आहोत. वरच्या विभागात याच २८ गुणांचा अर्थ चार लाल आणि चार गुलाबी, म्हणजे चांगल्या खेळाडूची टेबलावरची एक खेप.

एकाच विभागापुरते पाहिले तर सेवा हा दोष हळूहळू स्वतःच भरून काढते, हे मान्य करायला हवे. स्टार्ट फार मोठा असेल तर तो घेणारा जास्त फ्रेम जिंकतो, त्याचा आकडा उतरतो आणि फरक आक्रसतो. आमच्या खालच्या विभागातले आकडे हंगामाच्या उत्तरार्धात याच कारणाने एकमेकांच्या जवळ आले आणि तिथले सामने खरोखर चुरशीचे झाले. अडचण पुढे आली ती कपच्या सामन्यांत, जिथे दोन विभाग एकमेकांशी भिडतात. खालच्या विभागाचे आकडे तिथल्या लहान फ्रेमच्या मापाने आक्रसलेले, वरच्या विभागाचे मोठ्या ब्रेकच्या (एका खेपेत केलेल्या सलग गुणांच्या) मापाने ताणलेले, आणि सेवा दोघांची वजाबाकी एकाच पट्टीवर करते. परिणामी मोठे ब्रेक करणाऱ्या खेळाडूला जो स्टार्ट द्यावा लागतो, तो त्याच्या दृष्टीने किरकोळ ठरतो. शिवाय दोन विभागांतले खेळाडू एरवी परस्परांशी खेळतच नसल्याने ही तफावत दाखवणारा पुरावाही सेवेकडे जमा होत नाही. कपच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत खालच्या विभागाची जी वाताहत झाली, तिचे कारण मला यातच दिसते.

आकडा किती वेगाने हलावा, हे लीगने ठरवायचे असते आणि इथे बहुतेकांचा कल घाईकडे असतो. एखाद्याने वीस फ्रेमपैकी तेरा जिंकल्या की त्याचा स्टार्ट लगेच कापावा, अशी मागणी येते. पण स्टार्ट अगदी अचूक असला आणि प्रत्येक फ्रेम नाणेफेकीसारखी समसमान असली, तरी वीसपैकी तेरा किंवा अधिक फ्रेम जिंकण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते. चाळीस खेळाडूंच्या लीगमध्ये पाच जण केवळ नशिबाने तिथे पोहोचू शकतात आणि तितकेच जण सात किंवा त्याहून कमी फ्रेमवर अडकू शकतात. वेगवान सेटिंग ठेवले तर सेवा कौशल्याऐवजी नशिबाचा पाठलाग करू लागते आणि खेळाडूचा आकडा दर पंधरवड्याला वरखाली होतो. आम्ही प्रस्थापित खेळाडूंसाठी मंद आणि नवख्यांसाठी पहिल्या काही सामन्यांपुरते वेगवान असे सेटिंग ठेवले. ही सोय सेवेत आहे आणि ती उत्तम चालते. नवख्याचा पहिला आकडा मात्र कोणीतरी त्याचा खेळ प्रत्यक्ष पाहूनच भरावा. सेवेने सुचवलेला सरसकट मधला आकडा कोणालाच लागू पडत नाही.

गोल्फमध्ये २०२० पासून जगभर लागू झालेली हँडिकॅप पद्धत शेवटच्या वीस फेऱ्यांतील सर्वोत्तम आठ फेऱ्यांची सरासरी धरते, तशीच पद्धत स्नूकरला का लावू नये, असे आमच्या एका सदस्याने विचारले होते. प्रश्न रास्त आहे. पण गोल्फचा खेळाडू मैदानाविरुद्ध खेळतो, त्याचा चेंडू प्रतिस्पर्धी अडवत नाही. स्नूकरमध्ये समोरच्याने काय ठेवले यावर आपले गुण अवलंबून असतात, त्यामुळे एकट्याच्या गुणांची सरासरी काढून फारसे हाती लागत नाही. त्या पद्धतीतला एक विचार मात्र उचलण्याजोगा आहे: खेळाडू सरासरी कसा खेळतो यापेक्षा तो किती चांगला खेळू शकतो, याला तिथे वजन आहे. आमच्या सेवेने नेमके हेच सोडले आहे. सर्वोच्च ब्रेकची नोंद ती केवळ बक्षिसासाठी ठेवते, हँडिकॅपच्या हिशेबात घेत नाही. मुद्दाम हरून स्टार्ट वाढवून घेणारे खेळाडू प्रत्येक लीगला भेटतात. फ्रेम हरण्याचे सोंग कोणालाही आणता येते, पण ६० चा ब्रेक चुकून होत नाही. मोठा स्टार्ट घेणाऱ्या खेळाडूने असा ब्रेक केला, तर सेवेने निदान समितीला सूचना द्यायला हवी. सध्या तिच्याकडे एकच उपाय आहे, तो म्हणजे आकडा उतरवण्याचा वेग चढवण्याच्या वेगापेक्षा जास्त ठेवणे. हा उपाय उपयोगी असला तरी पुरेसा नाही.

पूर्ण फरकाचा स्टार्ट द्यावा की त्याचा काही टक्के भाग, हा निवडीचा भाग आहे आणि सेवा दोन्ही मुभा देते. स्टार्ट देऊन खेळणे ही केवळ हौशी खेळाडूंची गरज नाही. १९३० च्या दशकातील डेली मेल गोल्ड कप आणि १९५० च्या दशकातील न्यूज ऑफ द वर्ल्ड स्पर्धा यांत व्यावसायिक खेळाडूही हँडिकॅपने खेळत, आणि १९२७ चा पहिला विश्वविजेता जो डेव्हिस इतरांना स्टार्ट देऊन टेबलापाशी उभा राहत असे. माझ्या मते लीगच्या सामन्यांत बलवान खेळाडूकडे थोडी वरचढ बाजू राहू द्यावी, कारण सराव करून सुधारणाऱ्याला त्या सुधारणेचे काहीच फळ मिळणार नसेल, तर त्याने सराव का करावा? ही वरचढ बाजू लहान ठेवण्याचेही कारण आहे. एका फ्रेममध्ये जिंकण्याची शक्यता ६० टक्के असलेला खेळाडू पाच फ्रेमच्या सामन्यात ६८ टक्के आणि सातच्या सामन्यात ७१ टक्के वेळा जिंकतो. सामना लांबला की फ्रेममधला लहान फरक वाढत जातो, आणि ही गोष्ट टक्केवारी ठरवताना बैठकीत क्वचितच कोणी मांडतो.

वापराच्या बाजूने सेवा बरी आहे. गुण भरण्याच्या पानावर एक खोच आहे: भरलेले गुण स्टार्टसह आहेत की स्टार्टशिवाय, हे तिथे ठळकपणे विचारलेले नाही. ४७ गुणांच्या खेळाडूला १४ चा स्टार्ट असताना कप्तानाने ५२-४७ असे भरले, तर फ्रेम नक्की कोणी जिंकली हे त्या एका गोष्टीवर ठरते, आणि दोन कप्तानांनी ते दोन प्रकारे भरले की वाद निर्माण होतो. दोन्ही रकाने वेगळे ठेवले असते तर हे टळले असते. त्याहून गंभीर चूक सहा लाल चेंडूंच्या फ्रेमबाबत आहे. अशा फ्रेममध्ये टेबलावर जास्तीत जास्त ७५ गुण असतात, पण सेवा पूर्ण फ्रेमचाच स्टार्ट तिथे लावते. ४० गुणांचा स्टार्ट १४७ च्या जवळपास २७ टक्के असतो. ७५ च्या तो ५३ टक्के होतो. आम्ही हे कळवले तेव्हा उत्तर लवकर आणि सभ्य आले, परंतु हंगाम संपेपर्यंत दुरुस्ती झाली नाही. त्यामुळे सहा लालचे सामने आम्ही हँडिकॅपच्या हिशेबातून बाहेर ठेवले आणि त्यांचा स्टार्ट अर्धा करून हाताने लावला.

सेवेचे एक पान मात्र मला मनापासून आवडले. प्रत्येक खेळाडूच्या आकड्याचा इतिहास तिथे सर्वांना दिसतो: कोणत्या सामन्यानंतर आकडा किती हलला आणि अपेक्षित निकाल काय होता. पूर्वी समितीच्या बैठकीनंतर जे प्रश्न खासगीत विचारले जात, त्यांची उत्तरे आता खेळाडू स्वतः पाहतात. जिंकूनही आपला आकडा जवळजवळ हलला नाही, हे पाहून रागावलेल्या एका कप्तानाने तेच पान उघडले, तेव्हा त्या सामन्यात त्याच्याकडून तेवढ्याच विजयाची अपेक्षा होती हे त्याला दिसले, आणि विषय तिथेच संपला.

ज्या लीगमध्ये सर्व खेळाडू साधारण एका पातळीचे आहेत आणि फ्रेमचा प्रकार एकच आहे, तिने ही सेवा निःशंकपणे घ्यावी. ज्यांचे खेळाडू दोन-तीन पातळ्यांत विभागलेले आहेत, त्यांनी घेण्यापूर्वी विभागांमधल्या सामन्यांसाठी वेगळी पट्टी लावण्याची सोय आहे का, हे आवर्जून विचारावे. आम्ही पुढच्या हंगामासाठी नोंदणी कायम ठेवली आहे. लीगच्या सामन्यांचे आकडे सेवाच ठरवेल. कपमध्ये दोन विभाग समोरासमोर आले, तर सेवेने काढलेल्या फरकावर समिती वाढीव स्टार्ट देईल आणि किती वाढ द्यायची हे सोडतीच्या आधी जाहीर करेल.