दोन रीडमध्ये १५०० बेसचा जीन: आठ महिने सँगर वापरून

बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचा एंडोग्लुकॅनेज (सेल्युलोज तोडणारं एन्झाइम), ४९९ अमिनो आम्लं, म्हणजे स्टॉप कोडॉन धरून १५०० बेस. पीईटी-२१ए या प्लास्मिड व्हेक्टरमध्ये क्लोन, दोन टोकांना टी७ प्रमोटर आणि टी७ टर्मिनेटर प्राइमर (वाचन जिथून सुरू होतं ते डीएनएचे छोटे तुकडे), सँगर सिक्वेन्सिंग बाहेरच्या सर्व्हिसकडून. केमिस्ट्री सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. भांडण एकाच जागेशी आहे: जीनच्या मधोमधचे शंभरेक बेस.

कागदावर हिशोब झकास जुळतो. रीड, म्हणजे एका प्राइमरपासून सलग वाचलेला भाग, ८०० बेसची, दोन्हीकडून १६००, जीन १५००. पण टी७ प्राइमर संपल्यापासून एटीजीपर्यंत, म्हणजे जीनच्या सुरुवातीपर्यंत, ६८ बेस व्हेक्टरचेच जातात, दुसऱ्या टोकालाही जवळपास तेवढेच. हाती उरतात प्रत्येकी ७३०. भर म्हणून ७०-८० व्या बेसच्या आसपास न धुतल्या गेलेल्या डायचं (बेस ओळखायच्या रंगाचं) ढेकूळ येतं, तेही थेट एटीजीवर बसतं! ते डोळ्यांनी ओळखता येतं, चालून जातं. शेपटीचं मात्र चालत नाही. शेवटच्या शंभरात फ्रेड (बेस किती खात्रीने वाचला, त्याचा गुण) २० च्या खाली घसरण, आलेखातली शिखरं पसरून एकमेकांवर चढलेली, आणि सलग पाच 'ए' आले की सॉफ्टवेअर सहा वाचतं. तीन-तीन बेसच्या कोडॉनची फ्रेम सरकली की थोड्याच कोडॉननंतर खोटा स्टॉप. २५७ व्या ग्लुटामेटचा कोडॉन, बेस ७६९ ते ७७१, याच भागात आहे, आणि तो गेला तर एन्झाइम सेल्युलोज तोडूच शकत नाही.

अशा वेळी प्लेटला विचारा. आयपीटीजी (जीन चालू करणारं रसायन) घातलेली सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) प्लेट, ०.१ टक्के काँगो रेड रंग १५ मिनिटं, मग १ मोलर मिठाच्या पाण्याने दोनदा धुणं. लालवर पिवळं वलय उमटलं तर ग्लुटामेट शाबूत आहे, खोटी रीड आहे. पण वलयावर सगळाच भरवसा नको. सीएमसी विरघळणारं, त्यामुळे टोकाचा सेल्युलोज धरणारा भाग तुटला तरी वलय येतंच. ते टोक टर्मिनेटरच्या रीडमध्येच बघावं लागतं.

पहिले काही महिने माझं मत होतं, सर्व्हिस भिकार. आता निम्मं मागे घेतो. मिनीप्रेप (जिवाणूंतून काढलेलं प्लास्मिड) टीई बफरमध्ये एल्यूट केलं की त्यातला ईडीटीए मॅग्नेशियम धरून बसतो आणि पॉलिमरेज उपाशी राहतं. १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.५, किंवा साधं पाणी घ्या. प्लास्मिड १५० ते ३०० नॅनोग्रॅम, प्राइमर ३.२ पिकोमोल. जास्त टेम्प्लेट ओतून फायदा नाही, सुरुवातीची शिखरं उंच होतात आणि रीड लवकर मरते. उरलेला अर्धा राग मात्र कायम आहे: एबी१ फाइल (शिखरांचा मूळ आलेख) मागितल्याशिवाय देत नाहीत, नुसती टेक्स्ट पाठवतात. टेक्स्टमध्ये सहावा 'ए' अगदी खऱ्यासारखा दिसतो.

उपाय एकच, तिसरा प्राइमर. बेस ५६० च्या आसपास, २० बेसचा, टीएम (वितळण्याचं तापमान) ५८, स्वतःच्याच रीडच्या फ्रेड ३० वरच्या भागातून बेतलेला. पहिले ३०-४० बेस गढूळ जातात, पुढे ६२० ते १२०० काचेसारखं. 'क्लोनमागे एक रिअॅक्शन जास्त' म्हणून हे टाळणं ही चुकीची काटकसर. खोटा स्टॉप दिसला की तीच माणसं नवा क्लोन उचलून दोन रिअॅक्शन पुन्हा पाठवतात, आणि नव्या क्लोनची शेपटीही तशीच घसरते. प्राइमर तर एकदाच घ्यायचा. २५ नॅनोमोलच्या नळीत, ३.२ पिकोमोलच्या दराने, सात हजारांवर रिअॅक्शन बसतात. तेवढे क्लोन कुणाच्या फ्रीजरमध्ये आहेत?