माजी सैनिकांच्या बाईक ग्रुपमध्ये सहा महिने काढले, जसं आहे तसं सांगतो

लष्कराच्या सिग्नल्समध्ये 17 वर्षं काढून डिचोलीला घरी येऊन बसलो, आणि बायको म्हणाली पहाटे साडेचारला उठून भांडी वाजवत फिरण्यापेक्षा कुठेतरी जा बाबा. म्हणून गोव्यातल्या माजी सैनिकांच्या बाईक ग्रुपमध्ये नाव घातलं. ग्रुपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, खाली दोन-चार तक्रारीपण आहेत आणि येत्या रविवारी त्यांच्यासोबतच जायचंय.

वागातोरला भरलेलं बाईक वीक बघून कोणाला वाटत असेल की इथेपण तसलीच धमाल असते, तर त्यांनी येऊच नका. सायलेन्सर बदललेला दिसला की तिथूनच परत. स्पीड साठच्या वर नाही, झिगझॅग दोन रांगा, पुढच्या बाईकपासून दोन सेकंदांचं अंतर, आणि सगळ्यात शेवटी एक अनुभवी माणूस, त्याला स्वीप म्हणतात, पंक्चर किट आणि फर्स्ट एड त्याच्याकडे, कोणी थांबला की तो थांबणार. सहाचा टाइम दिला तर पावणेसहाला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजर. पहिल्या दिवशी मी सहाला दहा कमी असताना पोचलो तर सगळे हेल्मेट घालून माझ्याकडेच बघत बसलेले. लाज वाटली, आणि खरं सांगू तर बरंपण वाटलं.

राइड्स मोजक्याच. 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिनाचे झेंडे घेऊन म्हापशाच्या बाजारात फिरलो, तिथे एक बाई आमची रांग बघून विचारते शिवोलीला किती घेणार, तिला आम्ही पायलट, म्हणजे गोव्यातले बाईक-टॅक्सीवाले वाटलो. 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावर गेलो. आम्हा फौजींना 1961 चं ऑपरेशन विजय तोंडपाठ, पण 15 ऑगस्ट 1955 ला बिनहत्यारी सत्याग्रही इथून सीमा ओलांडून चालत आले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे तिथे उभं राहून ऐकलं की आपली रायफल आठवते आणि गप्प व्हायला होतं. मध्ये एकदा बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात रक्तदानपण झालं.

पण मी टिकलो ते सत्तरी तालुक्यातल्या कामामुळे. पेन्शन चालू राहायला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो आता ऑनलाइन, फौजी पेन्शनचं स्पर्श पोर्टल वगैरे. आम्हाला जमतं. पण वाळपईच्या पलीकडे आत गावात एकटी राहणारी जवानाची म्हातारी बायको काय करणार, बस दिवसातून एक-दोनदा, मुलगा वास्कोला कामाला. मग आम्ही दोघे-दोघे घरी जातो. अशाच एका आजींकडे गेलो, अंगठा मशीनवर दहा वेळा ठेवला, ठसा उठेचना. आयुष्यभर काजू भाजून सोललेत, त्या टरफलाच्या तेलाने बोटांची कातडी किती वेळा गेली असेल देव जाणे. मग फोनवर चेहरा दाखवून करायचं ठरलं, तर घरात रेंज नाही! रेंज वर डांबरी रस्त्यावर. आजींना माझ्या क्लासिक बाईकवर बसवलं, ग्रुपचा नियम आहे म्हणून अंबाड्यातली अबोलीची वेणी सांभाळत एक्स्ट्रा हेल्मेट घातलं, आणि त्या खांद्याला गच्च धरून आख्ख्या चढावर एकच सांगत होत्या, सवकास चलय रे पुता. वर पोचून अॅप म्हणतंय डोळे मिचकवा, आजी हसायला लागल्या की कोणाला डोळा मारू या वयात. झालं एकदाचं. कापलेला पपनस खाऊनच सोडलं.

आता तक्रारी. फौज सुटली तरी रँक सुटत नाही. पुढे कोण चालवणार ते रस्त्याच्या अनुभवावर ठरायला पाहिजे, इथे ते जुन्या हुद्द्यावर ठरतं, मग घाटाच्या वळणावर साहेब कचकन ब्रेक मारतात आणि मागे आमची परेड. व्हॉट्सॅपवर रोज चाळीस गुड मॉर्निंग. जॅकेटचे पैसे आधी घेतले, ते शिवणाऱ्याकडून तीन महिन्यांनी आलं, दोन धुण्यांत पाठीवरचा लोगो सुटला, आणि मार्चच्या उन्हात ते घालणं म्हणजे शिक्षाच. एक नेव्हीवाले काका अॅक्टिव्हा घेऊन येतात, त्यांना सुरुवातीला नाकं मुरडली गेली, पण शाळेच्या वह्यांचे गठ्ठे आणि तांदळाची पिशवी पायाशी ठेवून नेणारी तीच एक गाडी, हे सगळ्यांना कळलंय, कबूल कोणी करत नाही.

पैशांचं स्वच्छ आहे, महिन्याचा हिशोब बिलांच्या फोटोंसकट ग्रुपवर पडतो. वर्षाची वर्गणी 1000, पेट्रोल स्वतःचं.

पाचपैकी चार स्टार, एक जॅकेट आणि ब्रेकचा कापला. यायचं असेल तर फौजेतून सुटल्याचं डिस्चार्ज बुक, लायसन्स आणि आयएसआय मार्कचं हेल्मेट आणा, पहिल्या तीन राइड स्वीपच्या पुढेच चालवावं लागेल, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. फौजेत नव्हता तरी चालतं, तुम्हाला सपोर्ट मेंबर करतात, मत देता येत नाही पण भजी-पाव आणायला सगळ्यात आधी तुम्हालाच पाठवतील.