एनपीटीईएलचा पायथन कोर्स : मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला काय मिळाले

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिल्या वर्षातला प्रोग्रॅमिंगचा विषय हुकलेला असतो, आणि प्लेसमेंटच्या वेळी मात्र शाखा न पाहता कोडिंगची चाचणी घेणाऱ्या कंपन्या समोर उभ्या राहतात. मेकॅनिकल शाखेत माझी नेमकी हीच अवस्था होती. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या जुलै सत्रात मी एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरचा ‘प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स अँड अल्गोरिदम्स युझिंग पायथन’ हा ८ आठवड्यांचा कोर्स केला. नोंदणीला पैसे लागले नाहीत. परीक्षेचे १००० रुपये तेवढे भरले.

सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था (आयआयएससी) यांनी मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू केले, आणि २०१४ पासून त्यावर परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे दिली जाऊ लागली. मी घेतलेला कोर्स चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्रा. माधवन मुकुंद शिकवतात. पहिल्याच आठवड्यात ते पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या व्याकरणात न शिरता दोन संख्यांचा मसावि हातात घेतात. आधी दोन्ही संख्यांचे सगळे विभाजक लिहून त्यांतला सर्वांत मोठा सामाईक विभाजक शोधायचा. मग याद्या करायची गरजच नाही हे लक्षात घ्यायचे. मग लहान संख्येपासून खाली उतरत यायचे म्हणजे पहिला सापडेल तोच उत्तर ठरतो. आणि शेवटी युक्लिडच्या रीतीने बाकी घेत काही पायऱ्यांत मोकळे व्हायचे. सातवीत पाठ केलेला भागाकार पद्धतीचा मसावि मला पहिल्यांदा तिथे समजला. उत्तर बरोबर असणे आणि ते वेळेत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाण मला तीन वर्षांच्या डिप्लोमात कोणी दिली नव्हती.

कोर्सचा खरा कस प्रोग्रॅमिंगच्या असाइनमेंटमध्ये लागतो. लिहिलेला प्रोग्रॅम काही उघड आणि काही झाकलेल्या उदाहरणांवर तपासला जातो. उघडी उदाहरणे सुटली की आपले काम झाले असे वाटते, पण यादी रिकामी असेल किंवा तिच्यात एकच संख्या असेल, तर काय होईल याचा विचार केलेला नसतो, आणि झाकलेली उदाहरणे तिथेच अडवतात. एका असाइनमेंटसाठी मी रात्री दोनपर्यंत कागदावर प्रत्येक फेरीतली चलांची किंमत लिहीत बसलो होतो, आणि चूक निघाली ती ‘पेक्षा लहान’ ऐवजी ‘पेक्षा लहान किंवा समान’ लिहिण्याची. ही चूक ज्याने स्वतः शोधली, तो ती पुन्हा सहसा करत नाही.

म्हणूनच आमच्या कॉलेजात जे चालले ते पाहून वाईट वाटले. तिथे क्रेडिटसाठी एक तरी प्रमाणपत्र सक्तीचे होते, आणि दर आठवड्याला डेडलाइनच्या आदल्या संध्याकाळी असाइनमेंटची उत्तरे वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर येत. बहुतेक कोर्समध्ये असाइनमेंटला २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी अनुक्रमे किमान १० आणि ३० लागतात. उत्तरे उतरवून पहिला भाग भरून निघतो आणि मुले पासही होतात, पण शिकायचे ते नेमके त्याच भागात असते. कॉलेजने प्रमाणपत्रे मोजण्याऐवजी मुलांना आठवड्यातून एक तास सोबत बसवून असाइनमेंट सोडवायला लावली असती, तर त्याच कोर्सचा कितीतरी अधिक उपयोग झाला असता.

भाषेबद्दल सांगायलाच हवे, कारण माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीत झाले आहे. व्याख्याने इंग्रजीत असली तरी बोलणे सावकाश आणि सुटसुटीत आहे, पहिले दोन आठवडे काढले की कान सरावतो. सहाव्या आठवड्यापासून, म्हणजे आठ वजिरांचे कोडे (पटावर आठ वजीर एकमेकांना मारणार नाहीत असे मांडायचे) आणि हीप (सर्वांत मोठी किंवा लहान संख्या चटकन काढता यावी अशी माहितीची मांडणी) सुरू झाल्यावर, कोर्स एकदम चढणीला लागतो. तिथे आठवड्याला पाच-सहा तास ठेवावेत. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने यातून नुम्पाय (पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी) किंवा आलेख काढणे शिकायला मिळेल अशी अपेक्षा धरू नये, त्यासाठी वेगळा कोर्स पाहावा.

नोकरीच्या मुलाखतीत माझे प्रमाणपत्र कोणी उलटून पाहिले नाही. समोरच्या बाईंनी कागदावर चौकटींची जाळी आखली, मधल्या एका बिंदूवर फुली मारली आणि विचारले, “ही फुली टाळून, फक्त उजवीकडे किंवा वर सरकत, खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात किती वाटांनी जाता येईल?” आठव्या आठवड्यात डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (लहान प्रश्नांची उत्तरे साठवून त्यांवरून मोठा प्रश्न सोडवण्याची रीत) शिकताना हाच प्रकार मी स्वतः लिहिला होता. प्रत्येक बिंदूवर डावीकडची आणि खालची संख्या मिळवत गेलो, फुलीवर शून्य मांडले. त्यांनी पुढे विचारले, “फुल्या दोन असतील तर?” मी त्याच कागदावर दुसरे शून्य लिहिले आणि बेरजा पुन्हा करायला घेतल्या.