पिठोरी की मे महिन्यातला रविवार?

आईसाठी आपल्याकडे आता दोन दिवस आहेत. एक श्रावण अमावस्या, म्हणजे पिठोरी, आपला जुना मातृदिन. दुसरा मेमधला दुसरा रविवार, अमेरिकेतून आलेला.

पिठोरीला दिवसभर उपास आईचाच. संध्याकाळी चौसष्ट योगिनींची पूजा, मग खीरपुरीचं वाण डोक्यावर धरून ती विचारते, "अतीत (म्हणजे अतिथी) कोण?" मागे उभं असलेलं पोर "मी!" म्हणत वाण घेतं. लहानपणी आम्हा भावंडांत आधी कोण ओरडतो यावरून ढकलाढकली व्हायची, खीर हमखास सांडायची. पण बघा, मातृदिन म्हणायचा आणि उपाशी राहून पुऱ्या तळायच्या आईनेच, तेही मुलांच्या आयुष्यासाठी! त्यात त्याच दिवशी पोळा असला की बैलांच्या पुरणपोळ्याही तिच्याच गळ्यात.

मेमधल्या दिवसाची दिशा उलटी. तिथे मुलीने आईची आठवण काढली. ॲना जार्विसने 1908 साली वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टनच्या चर्चमध्ये आईच्या स्मरणार्थ पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली. 1914 मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सननी दिवस अधिकृत केला. पुढे कार्डवाले नि फुलवाले घुसले, तेव्हा याच बाई त्यांच्याविरुद्ध भांडत राहिल्या.

मला विचाराल तर विधी पिठोरीचाच गोड. स्वयंपाकाला सुट्टी मात्र मेमध्येच मिळते, तीही हॉटेलात टेबल मिळालं तर.